मंगळवारी कुठे असतो तो?

पत्र

आदरणीय ताई,

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावीला शिकवते. नोकरीचं हे चौथं वर्ष. पटावर ३१ मुलं आहेत, पण दिवाळीत गाड्या कारखान्याला गेल्या की वर्गात सतरा-अठराच उरतात. जी गेली त्यांची काळजी आहेच. आज मात्र मागे राहिलेल्या एका मुलाबद्दल लिहितेय. आई-वडील सांगली जिल्ह्यात ऊसतोडीला गेलेत, हा आजीजवळ असतो. आठवड्यातले तीन दिवस येतो. बाकीचे दिवस दप्तर घेऊन घरातून निघतो, पण शाळेत पोचत नाही. कधी ओढ्याकाठी सापडतो, कधी फाट्यावर. सोमवार-मंगळवार तर हमखास नसतो. मागच्या पंधरवड्यात चिडून मी वर्गासमोर बोलले, "आई-बाप तिकडे मरतात आणि तू इकडे उंडारतोस." त्यानंतर सलग पाच दिवस आलाच नाही. आजीला सांगायला गेले तर ती रडायला लागली. मुख्याध्यापक म्हणतात, एकेकाच्या मागे कुठवर धावणार, येतात त्यांना नीट शिकवा. शाळा बुडवणाऱ्या मुलांवर बरंच संशोधन झालंय असं ऐकते. त्यात माझ्या कामाचं काही आहे का? आणि मी जे बोलून बसले, त्याचं काय करू?

— एक शिक्षिका

उत्तर

प्रिय बाई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याला उशीर चालणार नाही. त्याच्या घरी जा आणि "मी त्या दिवशी चुकीचं बोलले," एवढं त्याला सांगा. आजीसमोर सांगा. "पण तूसुद्धा..." असं पुढे काही जोडू नका. ते जोडलं की माफी बाजूला पडते आणि उपदेश तेवढा त्याच्या लक्षात राहतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारहाणीबरोबर मानसिक त्रासालाही शाळेत बंदी घातली आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मी कायद्याच्या धाकानं हे सांगत नाही. तुमच्या वाक्याचा पहिला तुकडा पुन्हा वाचा: आई-बाप तिकडे मरतात. ज्याचे आई-वडील महिनोन्‌महिने तीनशे किलोमीटरवर आहेत, पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात उतरतात, त्या अकरा-बारा वर्षांच्या पोरानं हे कसं ऐकलं असेल? तुम्ही ते रागात बोललात. त्याच्या मनात जी भीती आधीच असेल, ती बाईंनी मोठ्यानं बोलून दाखवली, असं त्याला वाटलं असणार.

हा निव्वळ माझा अंदाज नाही. १९३२ साली ब्रॉडविन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं शाळा बुडवणाऱ्या मुलांवर एक निबंध लिहिला. शाळा बुडवतो तो उनाड, हाच तेव्हाचा सर्वमान्य समज होता. ब्रॉडविननं वेगळीच मुलं दाखवली. आपण इकडे असताना आईला काहीतरी होईल, या धास्तीनं ती शाळेतून निसटून घरी जात, आणि आई दिसली की शांत होत. तुमच्या या मुलाला धावत जाऊन बघायला घरी आई नाही. तो फाट्यावर जातो असं तुम्ही लिहिलंत. फाट्यावर बसून तो काय बघतो, हे त्याला कुणी विचारलंय? मला उत्तर माहीत आहे असं नाही. कदाचित तिथे फक्त मित्र असतील आणि कुणाचा तरी मोबाइल असेल. पण उत्तर कुठलंही निघालं तरी ते तुमच्याकडे नाही, आणि ते मिळेपर्यंत इलाज ठरवता येणार नाही.

संशोधनातलं मला सगळ्यांत कामाचं वाटलं ते याच मुद्द्यावरचं. अमेरिकेतल्या नेवाडातले मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर कर्नी यांनी १९९० च्या सुमारास वेंडी सिल्व्हरमन यांच्याबरोबर मूळ प्रश्नच बदलला. मुलगा कसा आहे, हे विचारायचं सोडून त्यांनी विचारलं, शाळेत न गेल्यानं त्याचं काय साधतं? कुणाला शाळेतल्या एखाद्या गोष्टीची धडकी भरलेली असते, ती टळते. कुणाला चारचौघांत उभं राहून वाचायचं, फळ्यावर गणित सोडवायचं नको असतं, ते चुकतं. कुणाला घरच्या माणसाची जवळीक हवी असते. आणि कुणाला शाळेबाहेर खरोखरच जास्त मजा येते. आपण या चौघांनाही "दांडीबहाद्दर" म्हणतो आणि चौघांनाही एकच औषध देतो. चौथ्याला थोडी शिस्त आणि वेळापत्रक लावलं तर तो येईलही. पहिल्याला तीच शिस्त लावली तर शाळा भीतीदायकच आहे याची त्याला खात्री पटते. तुमच्या मुलाचे ते पाच दिवस आठवा.

कर्नींच्या या मांडणीत आपल्याकडचं एक मोठं कारण मात्र मावत नाही. ते म्हणजे काम. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत पाचवीत एक मुलगी होती. तिचे फार खाडे पडायचे. मी हजेरीच्या कॅटलॉगात तिच्या नावापुढे इमानेइतबारे "गै" लिहीत गेले. महिनाअखेरीस बेरीज करायची आणि टक्केवारी वर पाठवायची, एवढंच मला कळत होतं. एक दिवस बेरीज करताना ओळीऐवजी नजर रकान्यावरून खाली घसरली, आणि दिसलं की तिचे बहुतेक सगळे "गै" मंगळवारी आहेत. मंगळवारी गावचा बाजार. आई भाजी घेऊन बाजाराला बसायची आणि धाकटा भाऊ हिच्या कडेवर असायचा. सात महिने ते माझ्याच अक्षरात माझ्यासमोर होतं. मी तिला आळशी समजत होते. पुढे अंगणवाडीताईंशी बोलून मंगळवारपुरती त्या बाळाची सोय लागली, म्हणून ती मुलगी सातवीपर्यंत टिकली. त्या सात महिन्यांबद्दल मी तिला काही बोलले नाही, ते मला अजून लागतं. म्हणून तुम्हाला सगळ्यात आधी माफीचं सांगितलं.

तेव्हा कॅटलॉग उभा वाचा. तुम्ही वार दिलेतच: सोमवार आणि मंगळवार. तुमच्या गावचा बाजार कधी भरतो? आई-वडिलांचा फोन कधी येतो? रविवारी फोन येत असेल तर सोमवारी त्याचं मन ताळ्यावर नसणं अगदी शक्य आहे. आजीचं औषध, रेशन, शेळ्या हे कोण बघतं? सोमवारी-मंगळवारी पहिला तास कशाचा असतो? तो येतो ते तीन दिवस कुठले, आणि त्या दिवशी वर्गात वेगळं काय असतं? येण्याचं कारण शोधलं की न येण्याचं कारण निम्मं उलगडतं.

कारण आपण धरून चालतो तेच निघेल, असं मात्र नाही. मुलींच्या खाड्यांमागे पाळी हे मोठं कारण असणार, असं जगभर मानलं जायचं. नेपाळमधल्या चितवनमध्ये एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्नटन यांनी रोजची हजेरी तपासली, तर पाळीमुळे बुडणारी शाळा वर्षाकाठी अर्धा दिवससुद्धा भरली नाही. दुसरीकडे पश्चिम केनियात ७५ शाळांत मुलांना जंताच्या गोळ्या दिल्या, तेव्हा गैरहजेरी चौथ्या हिश्शानं घटल्याचं एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी २००४ मध्ये मांडलं. त्या आकडेमोडीवर पुढे बरेच वाद झाले, तेही खरं. चितवनचं उत्तर तुमच्या गावाला जसंच्या तसं लागू करू नका. तुमच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसेल तर निष्कर्ष वेगळाच निघेल. मी एवढंच म्हणते, की जे मोजलं नाही त्यावर ठाम होऊ नका.

आता परिणामांचं. जगात बऱ्याच ठिकाणी कामाच्या दिवसांपैकी १० टक्के दिवस बुडले की ती धोक्याची खूण मानतात. आपल्या कायद्यात सहावी ते आठवीला वर्षाचे २२० दिवस सांगितलेत, म्हणजे २२ खाडे. तुमचा मुलगा सहांपैकी तीन दिवस येतो. दिवाळी ते गुढीपाडवा वीस आठवडे धरले, तरी त्याचे ६० दिवस बुडतात. शिकागोत एलेन ॲलेन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी २००७ मध्ये दाखवलं, की नववीत गेलेलं मूल विषयात नापास होईल का, हे आधीच्या परीक्षेच्या गुणांपेक्षा त्याच्या हजेरीवरून आठपट चांगलं सांगता येतं. हुशार मूलसुद्धा हजेरी सुटली की मागे पडतं, असा याचा अर्थ. आणि आपण मात्र वर्षानुवर्षं पटाकडे बघून समाधान मानत आलो. ‘असर’ या शिक्षणाच्या देशव्यापी अहवालासाठी झालेल्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या ६ ते १४ वयाच्या ९८ टक्के मुलांची नावं शाळेत होती. पाहणीच्या दिवशी सरकारी प्राथमिक शाळांत हजर होती ती साधारण ७६ टक्के.

खरी गाठ पडते ती गैरहजेरी हेच पुढच्या गैरहजेरीचं कारण बनतं तेव्हा. तो सोमवारी नव्हता, तेव्हा अपूर्णांकांची बेरीज झाली. बुधवारी आला तर वजाबाकी चालू. त्याला काही कळत नाही, तो खाली बघतो, तुम्ही विचारता, पोरं हसतात. गुरुवारी तो का येईल? आधीचं मूळ कारण संपलं तरी हे नवं कारण शिल्लक राहतं. म्हणून तो परत येईल तो दिवस फार जपा. "आलात का साहेब, उगवलात का" असं काही नको, पोरांकडूनसुद्धा नको. पहिल्या तासाआधी दहा मिनिटं बसवून "आज एवढं कळलं की पुरे" असा एकच घास द्या. शेजारी असा मुलगा द्या की ज्याची वही तो मागू शकेल. आणि त्या दिवशी त्याला येतं असं काहीतरी वर्गात घडू द्या, मग ते झाडाची नावं सांगणं असो की बैलाच्या वेसणीबद्दल बोलणं.

मुख्याध्यापकांचं म्हणणं मला मान्य नाही, पण त्यांचा थकवा मला समजतो. त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. मायकेल गॉटफ्रीड यांनी अमेरिकेतल्या वर्गांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं, की वर्गात सतत गैरहजर राहणारी मुलं जास्त असली तर रोज येणाऱ्यांचेही गुण घसरतात. तेच ते पुन्हा शिकवावं लागतं आणि वर्गाची चाल मोडते. तेव्हा "येतात त्यांना शिकवा" यातसुद्धा न येणाऱ्यांना आणणं आलंच.

आजीला सांगून काही होणार नाही, तिच्याकडून रडण्यापलीकडे काही अपेक्षाही धरू नका. आई-वडिलांशी बोला. फिलाडेल्फियात टॉड रॉजर्स आणि अवी फेलर यांनी २८ हजारांहून अधिक घरांवर एक प्रयोग केला आणि २०१८ मध्ये तो मांडला. त्यांना आढळलं, की आपलं मूल किती दिवस गैरहजर आहे याचा पालकांचा अंदाज खऱ्याच्या निम्माच असतो. ज्या घरांना वर्षभरात काही वेळा साधं पत्र गेलं, की तुमचं मूल इतके दिवस आलं नाही, तिथे सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण १० टक्के किंवा त्याहून जास्त घटलं. धमकी नाही, दंड नाही, फक्त आकडा. सांगलीकडच्या कोपीत बसलेल्या त्या आईला तर काहीच कळायला मार्ग नाही. रात्री आठनंतर फोन करा, दिवसा ती फडात असते. आधी मुलाचं एखादं चांगलं सांगा, मग आकडा सांगा, आणि विचारा, "तुमच्याशी बोलताना तो काय म्हणतो?" तक्रार मात्र करू नका. तीनशे किलोमीटरवरून ती माउली जिवाला घोर लावून घेईल, नाहीतर परतल्यावर त्याला मार बसेल. जमलं तर त्याचा एखादा आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवा, पाढा म्हणताना, कविता वाचताना. त्यांचा उलट आवाज आला तर तो शाळेत ऐकवा. शाळेत आलं की आईचा आवाज ऐकायला मिळतो, हे त्याला कळलं तर फाट्याची ओढ थोडी कमी होईल, असं मला मनापासून वाटतं.

दंडाचं म्हणाल तर आपल्याकडे तोही झाला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्याला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. लोकांना तो रुपया लक्षात राहतो. पण त्याच महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करत नेली होती. मूल राहील कुठं, खाईल काय, हा प्रश्न त्यांनी सक्तीच्या आधी हातात घेतला. आणि डहाणूकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काय केलं ते तर शिक्षकांनी रोज आठवावं असं आहे. १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू झालं, पुढे कोसबाडला. आदिवासी पोरं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरांमागे असायची. यांनी कुरणशाळा काढली. गुरं चरत असतील तिथेच शाळा. मुली येत नव्हत्या, कारण कडेवर भावंडं असायची. यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका छताखाली आणून विकासवाडी उभी केली. हजेरीवरचा त्याहून चांगला प्रयोग मला कुठल्या परदेशी अहवालात सापडलेला नाही.

गेलेल्या मुलांबद्दल तुम्ही एकाच वाक्यात लिहिलंत, पण ते वाक्य मला टोचत राहिलं. या वर्षीच्या गाड्या गेल्या. ज्यांचा ठावठिकाणा फोनवरून लागेल त्यांना तिथल्या जवळच्या शाळेत बसवता येतं. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी असल्याचं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. गाव सोडून जाणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी पत्रक दिलं नसेल तर ते आत्ताही टोळीच्या मुकादमाच्या फोनवर फोटो काढून पाठवा आणि तिकडच्या शाळेतल्या गुरुजींना स्वतः फोन करा. कागदापेक्षा तो फोन जास्त काम करतो. पुढच्या वर्षासाठी मात्र दसऱ्याची वाट बघू नका. ऑगस्टच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेतच कुणाचा कोयता जाणार, कुणाकडे आजी-आजोबा आहेत, कुणाकडे कुणीच नाही, अशी यादी करा आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव लगेच द्या. मुकादमाकडून उचल घेतली गेली की जाणं ठरलेलं असतं, आणि ती उन्हाळ्या-पावसाळ्यातच घेतली जाते. दोन वेळचं जेवण गावात मिळणार, हे आई-बापाला निघण्याआधी कळलं तरच ते मूल मागे ठेवतात. याशिवाय संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं मंजूर झाली आहेत. तुमच्या तालुक्यातलं सुरू आहे का, जागा आहे का, याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

यादीत मुलींची नावं वर घ्या. मुलगा आजीजवळ राहतो, मुलीला "मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची" म्हणून फडावर नेतात, आणि दोन-तीन हंगामांत तिचं लग्न उरकून टाकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तुमच्या जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. सहावीतल्या मुलीचे खाडे वाढू लागले तर मी महिनाअखेरीची बेरीज होईपर्यंत थांबणार नाही, त्याच आठवड्यात घरी जाईन.

आणि तुमचा तो मुलगा. माफी मागायला जाल तेव्हा शाळेबद्दल काही विचारू नका, तो गप्पच बसेल. एखाद्या सोमवारी पहिला तास मुख्याध्यापकांना सांभाळायला सांगा आणि ओढ्याकडे जा. तो दिसला तर शेजारी बसा. दप्तर कुठे टाकलंस, हे विचारू नका. दिवसभर इथे काय काय करतोस, ते दाखवायला सांगा. तो मासे दाखवेल, नाहीतर घरटं, नाहीतर काहीच नाही. उठून शाळेत चल असं त्या दिवशी म्हणू नका. परत येऊन कॅटलॉगात त्याच्या नावापुढे "गै" लिहा, आणि पेन्सिलीनं बाजूला तो कुठे होता तेही लिहा. असं महिनाभर करा, मग मला पुन्हा पत्र पाठवा.

तुमची,
ताई